ग्रॅम स्टेनिंगच्या आधी पटलं समजून घ्या: मायक्रोच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी

मुंबईतल्या कॉलेजांत बी.एस्सी.चं पहिलं वर्ष ऐन पावसाळ्यात सुरू होतं आणि थोड्याच दिवसांत मायक्रोच्या, म्हणजे सूक्ष्मजीवशास्त्राच्या, प्रॅक्टिकलला ग्रॅम स्टेनिंग येतं, म्हणजे रंग देऊन जिवाणूंचे दोन गट ओळखण्याची पद्धत. चार बाटल्या, एक स्लाइड, भिंतीवरचं घड्याळ. तासाभरात मुलं जर्नलमध्ये लिहून मोकळी होतात: जांभळे ते पॉझिटिव्ह, गुलाबी ते निगेटिव्ह. मी बरीच वर्षं याच टेबलांमधून फिरत शिकवते आहे आणि तोंडी परीक्षेत एक प्रश्न हमखास विचारते: "अल्कोहोल टाकलंस तेव्हा पेशीच्या कुठल्या थराचं काय झालं?" रंगांचा क्रम सगळ्यांना पाठ असतो, पण या प्रश्नाला बहुतेक जण गप्प होतात. हे उत्तर माहीत असेल तर स्लाइड बिघडली तरी का बिघडली ते कळतं, आणि पुढे औषधं, लशी, रोगनिदान या सगळ्याला तेच ज्ञान पुरतं. म्हणून पहिल्या प्रॅक्टिकलला येण्याआधी हे एकदा शांतपणे वाचा.

आधी जर्नलमध्ये चित्र काढा

स्लाइडला हात लावण्याआधी पेन्सिल घ्या. एक वर्तुळ काढा. हे सगळ्या जिवाणूंना असणारं आतलं पटल, पेशीला वेढणारा पातळ पापुद्रा, शाळेच्या पुस्तकातलं प्रद्रव्यपटल. फॉस्फोलिपिड या मेदाचे दोन थर पाठीला पाठ लावून बसलेले आणि त्यांत प्रथिनं खोवलेली. आपल्या पेशींच्या पटलात कोलेस्टेरॉल असतं, जिवाणूंच्या पटलात साधारणपणे नसतं. अपवाद पुढे येईल.

बहुतेक मुलांना वाटतं की हे आतलं पटल सगळ्यांचं सारखंच असतं आणि फरक फक्त बाहेरच्या भिंतीत असतो. तसं नाही. ग्रॅम निगेटिव्ह ई. कोलायच्या आतल्या पटलात साधारण ७५ टक्के फॉस्फॅटिडिलइथॅनॉलअमाइन, २० टक्के फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल आणि ५ टक्क्यांच्या आसपास कार्डिओलिपिन असतं, हे तिन्ही फॉस्फोलिपिडच. ग्रॅम पॉझिटिव्ह स्टॅफिलोकोकस ऑरियसच्या पटलात यातलं पहिलं नसतंच. तिथे फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल आणि कार्डिओलिपिन असतात, आणि शिवाय लायसिन हे अमिनो आम्ल जोडलेलं एक फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल. फॉस्फॅटिडिलग्लिसरॉलवर ऋण विद्युतभार असतो. लायसिन जोडलं की तो पालटून धन होतो. आपल्या शरीराची जिवाणूनाशक पेप्टाइडं स्वतः धनभारित असतात, त्यामुळे अशा पटलापासून ती दूर लोटली जातात. एका मेदाच्या रेणूला एक अमिनो आम्ल चिकटवून जिवाणू स्वतःचा बचाव करतो, हे मला अजूनही थक्क करतं.

मेदाम्लांतही फरक असतो. स्टॅफिलोकोकस आणि बॅसिलस यांच्या पटलात फांद्या फुटलेली मेदाम्लं भरपूर असतात, ई. कोलायमध्ये सरळ साखळ्या असतात आणि त्यांतल्या काहींत दुहेरी बंध. या फांद्या आणि बंध कशाला, हे स्वयंपाकघरात दिसतं. डिसेंबर-जानेवारीत मुंबईतसुद्धा खोबरेल तेलाची बाटली सकाळी गोठलेली सापडते, शेजारचं शेंगदाण्याचं तेल मात्र पातळच असतं. खोबरेलात सरळ, संपृक्त मेदाम्लं जास्त, ती एकमेकांना खेटून बसतात. दुहेरी बंधामुळे साखळीला बाक येतो आणि फांदीमुळे शेजारणीला जवळ सरकता येत नाही, म्हणून पटल प्रवाही राहतं. थंडीत वाढवलेली ई. कोलाय दुहेरी बंधांची मेदाम्लं वाढवते. म्हणजे एकाच जिवाणूच्या पटलाची घडण तापमानाप्रमाणे बदलते. तेव्हा कुठलेही आकडे वाचताना ती पेशी कुठल्या तापमानाला आणि कशावर वाढवली होती, तेही पाहत जा.

आता चित्र पुढे न्या. पहिल्या वर्तुळाभोवती एक जाडजूड थर काढा. हा ग्रॅम पॉझिटिव्ह. पेप्टिडोग्लायकनची जाळी, एकीवर एक अशी कित्येक पदरांची, २० ते ८० नॅनोमीटर जाड. हीच पेशीची भिंत. तिच्यातून आडवीउभी गेलेली टायकोइक आम्लं, त्यांतली काही खाली थेट पटलातल्या मेदाला बांधलेली. बाहेर दुसरं पटल नाही.

शेजारी तसंच दुसरं वर्तुळ काढा. त्याभोवती या भिंतीची एक बारीक रेघ काढा, काही नॅनोमीटरांचीच, आणि तिच्याबाहेर आणखी एक पटल. हा ग्रॅम निगेटिव्ह. हे बाहेरचं पटल समजायला मुंबईच्या फ्लॅटचं दार आठवा. आत लाकडी दार, बाहेर जाळीचं सेफ्टी डोअर, मध्ये वीतभर जागा. जाळीतून पेपर आत सरकवता येतो, गॅसचा सिलिंडर नेता येत नाही. ई. कोलायच्या बाहेरच्या पटलात पोरिन नावाच्या प्रथिनांची अशी भोकं असतात, त्यांतून साधारण ६०० डाल्टनपर्यंतचे रेणू जातात. डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक. ग्लुकोज १८० डाल्टन, ते सहज जातं. व्हँकोमायसिन सुमारे १४५० डाल्टन, ते बाहेरच अडकतं. म्हणून हे औषध स्टॅफिलोकोकसवर चालतं आणि ई. कोलायवर चालत नाही. दोन पटलांमधल्या जागेला पेरिप्लाझम म्हणतात. ती रिकामी नसते. पेप्टिडोग्लायकनची पातळ जाळी तिथेच असते आणि पुष्कळ विकरंही.

बाहेरच्या पटलाचे दोन्ही थर सारखे नसतात, ही गोष्ट चित्रात दाखवायला विसरू नका. त्याचा आतला थर फॉस्फोलिपिडचा, बाहेरचा मुख्यतः लिपोपॉलिसॅकराइडचा. या रेणूचं मूळ म्हणजे लिपिड ए पटलात रुतलेलं असतं आणि शर्करांची साखळी बाहेर झुलत असते. शेजारशेजारच्या ऋणभारित रेणूंना मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे आयन जोडून ठेवतात. कोलिस्टिन हे औषध नेमके हे आयन हुसकावून पटल फोडतं. आणि लिपिड ए म्हणजेच एंडोटॉक्सिन. जिवाणू मेल्यावरही ते रक्तात ताप आणि शॉक आणू शकतं.

स्मिअर

स्मिअर म्हणजे स्लाइडवर पसरवलेला नमुन्याचा पातळ थर. पहिली स्लाइड घरच्या दह्याची करा. दही लावणारे लॅक्टोबॅसिलस आणि स्ट्रेप्टोकोकस दोन्ही ग्रॅम पॉझिटिव्ह असतात, एक काडीसारखा आणि दुसरा मण्यांच्या माळेसारखा, त्यामुळे आकार आणि रंग दोन्हींचा सराव होतो. दह्याची साय घेऊ नका, वरची निवळी घ्या. मेदाचे गोळे आणि प्रथिनांच्या गाठी रंग धरून बसतात आणि नजरेला फसवतात.

नंतर कल्चर, म्हणजे माध्यमावर वाढवलेले जिवाणू. ते १८ ते २४ तासांचंच हवं. त्याहून जुन्या ग्रॅम पॉझिटिव्ह पेशींची भिंत झिजलेली असते आणि त्या गुलाबी दिसू लागतात. स्लाइडवर पाण्याचा अगदी छोटा थेंब ठेवा, लूप, म्हणजे टोकाशी गोल वळवलेली तार, तापवून गार करा, वसाहतीला, म्हणजे वाढलेल्या जिवाणूंच्या ठिपक्याला, नुसता टेकवा आणि थेंबात पसरवा. स्मिअर इतका पातळ हवा की वाळल्यावर त्याच्यातून छापील अक्षर वाचता यावं. एकाच स्लाइडवर तीन स्मिअर करा: एका टोकाला स्टॅफिलोकोकस, दुसऱ्या टोकाला ई. कोलाय, मध्ये तुमचा नमुना. दोन्ही टोकांचे रंग अपेक्षेप्रमाणे आले तरच मधल्यावर विश्वास ठेवायचा.

जुलैतल्या मुंबईच्या हवेत स्मिअर लवकर वाळत नाही. मुलं कंटाळतात आणि ओलीच स्लाइड ज्योतीवर धरतात. मग पाणी उकळतं, पेशी फुटतात, आणि फुटलेली ग्रॅम पॉझिटिव्ह पेशी रंग धरू शकत नाही. स्लाइड बर्नरपासून हातभर अंतरावर उबेला ठेवा, हवं तर दहा मिनिटं थांबा. पूर्ण वाळल्यावरच ज्योतीतून दोन-तीनदा झर्रकन फिरवा. मनगटाच्या मागच्या बाजूला टेकवली तर कोमट लागावी, चटका बसू नये.

चार बाटल्या

क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट. रंगाचे धनभारित रेणू दोन्ही प्रकारच्या पेशींत शिरतात. हलक्या धारेखाली धुवा, धार स्मिअरवर थेट सोडू नका.

मग आयोडीन, एक मिनिट. आयोडीन पेशीत जाऊन क्रिस्टल व्हायोलेटशी जोडी जमवतं आणि मोठा, पाण्यात न विरघळणारा संकुल रेणू तयार होतो. या क्षणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलंत तर दोन्ही टोकं जांभळीच दिसतील. एकदा मुद्दाम पाहाच. फरक अजून झालेला नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं बरं.

आता अल्कोहोल. सगळी परीक्षा या दहा-वीस सेकंदांची आहे. स्लाइड तिरकी धरा आणि ९५ टक्के अल्कोहोल थेंब थेंब सोडा. ग्रॅम निगेटिव्हचं बाहेरचं पटल मेदांचं असल्यामुळे ते अल्कोहोलमध्ये विरघळतं, आतल्या पटलालाही भोकं पडतात. मधली पेप्टिडोग्लायकनची जाळी इतकी पातळ की तो संकुल रेणू तिला आवरत नाही. रंग वाहून जातो. ग्रॅम पॉझिटिव्हचं पटलही अल्कोहोलने दुखावतं, पण भोवतालच्या जाड भिंतीतलं पाणी अल्कोहोल ओढून घेतं, जाळीची भोकं आकसतात आणि रंग आत कोंडला जातो. तोंडी परीक्षेतल्या माझ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. रंग पकडून ठेवते ती भिंत, आणि ती भिंत उघडी आहे की मेदाच्या पटलाआड आहे हे अल्कोहोल सांगतं. अल्कोहोल आणखी वेळ राहिलं तर जाड भिंतसुद्धा हरते. म्हणून ओघळणारा थेंब नितळ झाला की त्याच क्षणी पाण्याने थांबवा.

पावसाळ्यात आणखी एक गफलत होते. आयोडीन धुतल्यावर स्लाइडवर पाणी साचलेलं राहतं, त्यात अल्कोहोल पातळ होतं, आणि ई. कोलाय जांभळी राहते. अल्कोहोलच्या आधी स्लाइडची कड टिपकागदावर टेकवून पाणी निथळू द्या. प्रयोगशाळेत ॲसिटोन मिसळलेलं द्रावण असेल तर ते जास्त झपाट्याने काम करतं, दोन-तीन सेकंदांतच आटपा. बाटलीत नेमकं काय आहे ते लॅबमधल्या मामांना विचारून घ्या, त्यांना ते आपल्यापेक्षा नीट माहीत असतं.

ही पद्धत काढणाऱ्या हान्स क्रिश्चन ग्राम या डॅनिश डॉक्टरांना जिवाणूंची वर्गवारी करायचीच नव्हती. १८८४ साली बर्लिनमध्ये ते न्यूमोनियाने दगावलेल्यांच्या फुप्फुसांत जिवाणू उठून दिसावेत म्हणून रंग शोधत होते. काही जिवाणूंचा रंग टिकत नाही हे त्यांनी नोंदवलं. त्यामागे दुसरं पटल आहे, हे कळायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकापर्यंत थांबावं लागलं.

शेवटी सॅफ्रनिन, अर्धा ते एक मिनिट. रंग गमावलेल्या पेशी आता गुलाबी होतात. धुवा, टिपा, घासू नका.

पाहणं

आधी १० एक्सवर स्मिअरची कड शोधा, मग तेलाचा थेंब ठेवून १०० एक्स. मधल्या जाड ढिगाऱ्याकडे पाहू नका, पेशी सुट्या सुट्या असलेली जागा निवडा. आधी दोन्ही टोकं तपासा, मगच मधला नमुना.

पहिल्या वर्षाला असताना मी स्टॅफिलोकोकसवर अल्कोहोल जास्त वेळ ठेवलं आणि "ग्रॅम निगेटिव्ह, गोलाकार, घोसांत" असं जर्नलमध्ये लिहिलं. मॅडमनी सही केली नाही. त्यांनी मला त्याच कल्चरच्या तीन स्लाइड्स करायला लावल्या, अल्कोहोल पाच, पंधरा आणि साठ सेकंद. तिन्ही शेजारी ठेवून पाहिल्यावर जे कळलं ते कुठल्याही व्याख्यानात कळलं नव्हतं. तुम्हीही वेळ काढून हा प्रयोग करा.

रंगाबद्दल शंका राहिली तर पोटॅशियम हायड्रॉक्साइडची चाचणी करा. हातमोजे घाला, स्लाइडवर ३ टक्के द्रावणाचा थेंब घ्या, त्यात वसाहतीचा बराचसा भाग मिनिटभर घोळवा आणि लूप हळूच वर उचला. चिकट तार निघाली तर ग्रॅम निगेटिव्ह. बाहेरचं पटल आणि पातळ भिंत अल्कलीत तुटतात आणि आतला डीएनए बाहेर येतो, त्याची ती तार. जाड भिंतीची पेशी तशी फुटत नाही आणि थेंब पाण्यासारखाच राहतो. मॅकाँकी अगार या माध्यमावरची वाढ हा तिसरा साक्षीदार. त्यातले पित्तक्षार आणि क्रिस्टल व्हायोलेट ग्रॅम पॉझिटिव्हना वाढू देत नाहीत. ज्यांना बाहेरच्या पटलाची आड आहे ते तगतात.

जे या दोन खणांत बसत नाहीत

मुंबईत मायक्रो शिकणाऱ्याला हा भाग टाळून चालणार नाही, कारण या शहराचे दोन जुने आजार याच भागात येतात.

पहिला क्षयरोग, ज्याच्यासाठी शिवडीचं रुग्णालय साऱ्या शहराला माहीत आहे. मायकोबॅक्टेरियमच्या भिंतीबाहेर मायकोलिक आम्लांचं जाड, मेणचट आवरण असतं. आपण वर पाहिलेल्या मेदाम्लांत साधारण १४ ते २० कार्बन असतात, क्षयाच्या जंतूच्या मायकोलिक आम्लात ६० ते ९०. ही आम्लं अरॅबिनोगॅलॅक्टन या शर्करासाखळीमार्फत पेप्टिडोग्लायकनला बांधलेली असतात आणि बाहेरून आणखी मेद मिळून तिथे एक निराळंच बाह्यपटल तयार होतं, ज्यात लिपोपॉलिसॅकराइड नसतं. ग्रॅमचे रंग या मेणात नीट शिरत नाहीत. पेशी फिकट जांभळ्या, तुटक किंवा चक्क रंगहीन दिसतात. म्हणून झील-नील्सन पद्धतीत कार्बोल फुक्सिन वाफ येईपर्यंत तापवावं लागतं, तेव्हा कुठे रंग आत जातो. एकदा गेला की आम्लानेही निघत नाही. निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या दिसतात. आयसोनियाझिड हे क्षयाचं औषध मायकोलिक आम्ल तयार होण्याची क्रियाच रोखतं. पहिल्या वर्षाला ही पद्धत निरुपद्रवी मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिसवर किंवा तयार स्लाइडवर शिका. कुणाचीही थुंकी कॉलेजच्या टेबलावर आणायची नाही, कितीही उत्सुकता असली तरी.

दुसरा लेप्टोस्पायरोसिस. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्या पुरानंतर शहरात लेप्टोचे रुग्ण वाढले. तेव्हापासून तुंबलेल्या पाण्यातून चालून आलेल्यांनी डॉक्टरांना दाखवावं, असं आपण दर पावसाळ्यात ऐकतो. लेप्टोस्पायराला दोन पटलं असतात, बाहेरच्या पटलात लिपोपॉलिसॅकराइडही असतं, म्हणजे घडण ग्रॅम निगेटिव्हची. तरीही ग्रॅम स्टेनमध्ये तो जवळजवळ दिसतच नाही. पेशीची जाडी ०.१ मायक्रोमीटरच्या आसपास, आणि साध्या सूक्ष्मदर्शकाची वेगळं दाखवण्याची मर्यादा ०.२ च्या जवळ. तो पाहायला डार्क फील्ड सूक्ष्मदर्शक लागतो. काळ्या पार्श्वभूमीवर टोकाशी वळलेला, गिरक्या घेणारा चकाकता धागा दिसतो. स्लाइडवर काही दिसलं नाही म्हणून नमुन्यात काही नाही, असं कधी लिहू नका.

मायकोप्लाझ्मा हा कोलेस्टेरॉलचा तो अपवाद. त्याला भिंतच नाही. नुसतं पटल घेऊन जगायचं तर ते मजबूत हवं, म्हणून तो यजमानाकडून कोलेस्टेरॉल घेऊन पटलात बसवतो. पेनिसिलिन भिंतीच्या बांधणीवर घाव घालतं, इथे भिंतच नसल्याने ते निरुपयोगी ठरतं.

भांडुप-वडाळ्याच्या बाजूला मिठागरं पाहिली असतील. असल्या घट्ट खाऱ्या पाण्याला कधी गुलाबी झाक येते, त्यात मिठात राहणाऱ्या आर्कियांचा मोठा वाटा असतो. ते जिवाणू नव्हेतच. त्यांच्या पटलातले मेद एस्टर बंधांऐवजी ईथर बंधांनी जोडलेले असतात. स्टेनिंगला ते गुलाबी येतात, पण त्यांना ई. कोलायच्या पंगतीत बसवू नका. आणि त्यांचा स्मिअर साध्या पाण्यात करू नका, पेशी फुटतात.

बीजाणूंचं, म्हणजे काही जिवाणूंच्या टणक, सुप्त रूपांचं, एवढंच लक्षात ठेवा: त्यांच्या कठीण कवचांत ग्रॅमचे रंग शिरत नाहीत, जांभळ्या काडीच्या पोटात पांढरा ठिपका दिसला तर तो बहुधा बीजाणू.

जर्नलमध्ये काय लिहायचं

रंग, आकार आणि मांडणी याखेरीज कल्चर किती तासांचं होतं, अल्कोहोल किती सेकंद ठेवलं आणि दोन्ही टोकांचे रंग कसे आले, हेही लिहा. "ग्रॅम निगेटिव्ह" लिहिल्यावर पुढे एक ओळ जोडा: यावरून पेशीच्या आवरणात काय असावं. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या चाचणीचा निकाल त्याच ओळीखाली येऊ द्या, म्हणजे दोन साक्षी जुळतात की नाही ते लगेच दिसेल.

वापरलेल्या स्लाइड्स जंतुनाशकाच्या बरणीत टाका, लेन्सवरचं तेल लेन्स पेपरने टिपा, हात साबणाने धुवा, आणि एप्रन घडी करून वेगळ्या पिशवीत ठेवूनच लोकल पकडा.

जमलं तर पुढच्या आठवड्यासाठी बॅसिलस सब्टिलिसचं एकच कल्चर १८, ४८ आणि ७२ तासांनी स्टेन करून पाहा. तिसऱ्या स्लाइडवर जांभळ्या काड्यांमध्ये गुलाबी काड्या आणि पांढरे ठिपके दिसू लागतील. त्यांतली कुठली पेशी झिजली आहे आणि कुठली बीजाणू झाली आहे, ते शेजारच्याला बोट ठेवून समजावून सांगा.